काचेवरची माणसे

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, वरचे सगळे खाली काढायचे, आणि त्यातले निम्मे धूळ पुसून पुन्हा वर चढवायचे, हा आपल्या घरोघरचा कुळाचार आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे तो अर्धाच पार पडला. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. तेव्हा माळ्यावरून जे खाली आले ते पुन्हा वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. ठेवायचे आणि टाकायचे, असे दोन ढीग चौकात पडले. तिसरा ढीग कोणाला परवडणार होता?

आजोबांची पत्र्याची ट्रंक टाकायच्या ढिगात गेली होती. तिला तिथून उचलले ते मी, आणि तेही तिच्यातून येणाऱ्या वासामुळे. झाकण किलकिले होते आणि आतून व्हिनेगरसारखा आंबट, नाकाला झोंबणारा वास येत होता. लोणच्याची बरणी फुटली असावी असे वाटून मी झाकण उघडले. आत लोणचे नव्हते. काचा होत्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या दोनशे चौदा काचा, आणि त्यांच्या बाजूला गुंडाळी होऊन बसलेल्या फिल्मच्या तुकड्यांचा एक पुडा. वास त्या पुड्याला येत होता.

आजोबांचा फोटोचा धंदा होता, एवढे आम्हा सर्वांनाच ठाऊक होते. वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते आणि मागे एक काळोखी खोली होती. त्या खोलीतला तांबडा दिवा मला अंधूक आठवतो. पण तेव्हा त्या खोलीत कोळसे ठेवीत असत. मी आठ वर्षांचा असताना आजोबा गेले. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. दहावीपुढे कॉलेजची पायरी काही चढलो नाही. तेव्हा रसायनाच्या वाटेला जाण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्याच घरातल्या ट्रंकेत काय आहे हे समजून घेण्यासाठी पदवी लागत नाही, वेळ लागतो. तो मी दिला. त्यातून जे समजले ते येथे सांगतो.

या काचांची वंशावळ तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये दागेरने आपली युक्ती १८३९ साली जाहीर केली. पण त्याच्या चित्राची एकच प्रत निघे. एका मूळ प्रतीवरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, ही निगेटिव्हची खरी कल्पना इंग्लंडातल्या टॅलबॉटची. त्याची मूळ प्रत मात्र कागदावर असे. १८५१ साली आर्चरने ती काचेवर आणली. काचेला कलोडियन नावाचे चिकट द्रव्य फासायचे, ते चांदीच्या क्षारात बुडवायचे आणि ओले आहे तोवरच चित्र घेऊन धुवायचेही. काच वाळली की खेळ संपला. त्यामुळे त्या काळचा फोटोग्राफर बाहेरगावी निघाला की काळोखी खोलीच गाडीत घालून नेई.

आपल्या मुंबईने ही विद्या फार लवकर उचलली. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांना या कलेचा नाद होता आणि दोघेही त्या सोसायटीत होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत धंदेवाईक फोटोग्राफर झाले. १८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरण्याची वाट दाखवली, आणि ओल्या काचेची धावपळ संपली. आता कोरड्या काचा डब्यांतून विकत मिळू लागल्या. धंदा गावोगाव पोचला. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी गोध्र्याला त्यांचे फोटोचे दुकान होते, हे पुष्कळांना माहीत नसते. माझे आजोबा १९३१ मध्ये या धंद्यात शिरले, ते या वंशवेलीच्या अगदी शेवटच्या फांदीवर.

मोठ्या माणसांच्या काचा कधीकधी वाचतात. राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यामुळे संस्थानिकांचे दरबार आणि शिकारी आज आपल्याला पाहायला मिळतात. पण पेठेतल्या फोटोग्राफरच्या काचा कोण घेणार? त्यांवर राजे नसतात. मुंजीचे बटू असतात, मुलगी दाखवण्यासाठी काढलेले फोटो असतात, नवे उपरणे घेतलेले सासरे असतात. असल्या काचा खरवडून साफ करायच्या आणि तसबिरींना लावायच्या, हाच त्यांचा रूढ अंत्यविधी. जुन्या फिल्मला तर चांदीपायी गिऱ्हाईक मिळे. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जिथे त्याची ही गत, तिथे आमच्या ट्रंकेचा काय पाड?

शिवाय आमच्या ट्रंकेवर पाणी फिरलेले होते, आणि हे मी अक्षरशः म्हणतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मुठेचे पाणी आमच्या दुकानात शिरले. खालच्या फळ्यांवरच्या काचा गेल्या. जिलेटिन म्हणजे एक प्रकारचा सरसच. पाण्यात ते फुगते आणि वाळताना शेजारच्या काचेला चिकटून बसते. अशा एकमेकींना चिकटलेल्या काचांच्या विटाच्या विटा आजोबांनी टाकून दिल्या. चिखल लागलेल्या पण सुट्या राहिलेल्या काचा त्यांनी स्वच्छ पाण्यात खळबळून माडीच्या खिडक्यांत एकेक उभी करून वाळवल्या, असे वडील सांगत. वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. काचांवर माश्या बसू नयेत म्हणून पंख्याने वारा घालण्याचे काम त्यांच्याकडे होते.

पण त्या दिवशी काचांहून मोठे नुकसान झाले ते वहीचे. आजोबा प्रत्येक काचेच्या कडेला सुईने आकडा कोरीत आणि त्या आकड्यापुढे गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तिथी वहीत लिहीत. आकडे काचेवर राहिले. वही मुठेत गेली. आज १८६ क्रमांकाची काच मी खिडकीशी धरतो तेव्हा एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन माझ्याकडे पाहते. तिच्या नथीतले मोती मोजता येतात. ती कोण, ते मात्र कोणालाही सांगता येत नाही.

हे माझ्या हळूहळू ध्यानात आले. आरंभी मला वाटत होते की काम फक्त काचा वाचवण्याचे आहे. माझा भाचा संगणकाच्या कामात वाकबगार, तो म्हणाला, “मामा, दोन रविवारांत सगळं स्कॅन करून टाकू.” दोन रविवारांचे आठ महिने झाले.

वास येणाऱ्या फिल्म आम्ही प्रथम घेतल्या, कारण त्यांची घटका भरत आली होती. काचेनंतर आली ती नायट्रेटची फिल्म. तिचे द्रव्य तोफेच्या कापसाच्या कुळातले. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. जानेवारी २००३ मध्ये आमच्या पुण्यातच, जिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा कितीतरी जुन्या फिल्म जळून गेल्या. नायट्रेटला पर्याय म्हणून अ‍ॅसिटेटची, न पेटणारी ‘सेफ्टी’ फिल्म आली. ती पेटत नाही, पण आंबते. उष्ण आणि दमट हवेत तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल सुटते. ते आम्लच तिला आणखी आंबवते, आणि ती आक्रसून सुरकुतते. १९४८ मध्ये नव्या अ‍ॅसिटेटची फिल्म बाजारात आली, आणि दहा वर्षांच्या आत ती सडू लागल्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून! आपल्या हवेने हा रोग जगाच्या आधी ओळखला, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या पुड्यातल्या बहुतेक फिल्म वडिलांच्या हातच्या होत्या. बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा त्यांनी पहिल्या पगारात घेतला होता. एका गुंडाळीत बारा चौकोनी चित्रे. त्यांतल्या काही सुरकुतून गेल्या होत्या, पण पुष्कळशा हाती लागल्या. चार फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नव्हता. त्या नायट्रेटच्या असू शकतात म्हणून वेगळ्या काढल्या, त्यांचे फोटो आधी उतरवले आणि त्यांना इतरांपासून, घरातल्या विस्तवापासून दूर ठेवले. आंबणाऱ्या फिल्मही चांगल्या फिल्मजवळ ठेवायच्या नसतात. नासका आंबा पेटीतून काढतात, तोच न्याय.

काचांचे काम याहून सोपे आणि याहून नाजूक. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी निस्तेज. निस्तेज बाजूला चित्राचा थर असतो. तिला बोट लावायचे नाही, पाणी लावायचे नाही. रबरी फुग्याने धूळ उडवायची आणि फार तर मऊ कुंचला फिरवायचा. चकचकीत बाजू ओलसर कापसाने पुसता येते. मग काच उजेडाच्या पेटीवर ठेवून वरून कॅमेऱ्याने तिचे चित्र घ्यायचे, जितके मोठे घेता येईल तितके मोठे, आणि ते दाबून लहान न करता तसेच साठवायचे. शेवटी काळ्याचे पांढरे करणे हे संगणकाचे एका क्षणाचे काम. काच मात्र कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवायची. आडव्या चळतीत खालच्या काचा तडकतात. पाकिटावर लिहायचे ते पेन्सिलीने आणि काच आत घालण्यापूर्वी.

चित्रे संगणकात गेली म्हणजे काचा फेकायला मोकळे, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या लग्नाची सीडी घरात आहे. ती लावायला यंत्र घरात नाही. उलट १९४१ सालची काच पाहायला आजही फक्त एक खिडकी लागते. म्हणून संगणकातल्या चित्रांच्या आम्ही तीन प्रती केल्या, त्यांतली एक परगावी ठेवली, आणि दर काही वर्षांनी त्या नव्या जागी उतरवून घ्यायच्या असे ठरवले. काचा आहेत तशा राहतील.

आता त्या १९४१ च्या काचेची गोष्ट.

आमच्या माजघरात थोरल्या काकांच्या मुंजीचा एक फोटो लहानपणापासून टांगलेला होता. मध्ये बटू, त्याच्या दोन्ही बाजूंना आजोबा-आजी, पुढे बसलेली सात वर्षांची माझी आत्या, मागे नातलग. या फोटोत काहीतरी चुकलेले आहे असे मला नेहमी वाटे. बटू मधोमध नव्हता. उजवीकडची कड आजीच्या खांद्याला येऊन भिडली होती आणि डावीकडे हातभर भिंत मोकळी होती. आजोबांसारखा जाणता फोटोग्राफर अशी चूक कशी करील? मी मुलांना चित्राचा तोल शिकवतो. हा फोटो मला कायम खुपत असे.

ट्रंकेत त्याची काच सापडली. ४१७ क्रमांक. तिच्या एका कडेला, चकचकीत बाजूवर, दोन बोटे रुंदीची काळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. त्या पट्टीखालचा भाग छापायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. भाच्याने पट्टीसकट चित्र घेतले आणि मला विचारले, “मामा, ही पट्टी भरून काढू?” मी काही बोलायच्या आत त्याच्या यंत्राने ती भरलीही. तिथे भिंत आली. गिलावा, पोपडे, सावली, सारे इतके खरे की मला शंकाही आली नाही. मी खूश झालो. बटू आता मधोमध आला होता.

ते चित्र घेऊन मी सांगलीला आत्याकडे गेलो. त्या फोटोतल्या माणसांपैकी आज तीच एक हयात आहे. तिने नव्वदी ओलांडली आहे, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. मी पेन्सिल सरसावून बसलो आणि ती एकेकाचे नाव सांगत गेली. मग उजव्या कडेशी तिचे बोट थांबले.

“इथे भिंत कुठली? इथे स्वैपाकघराचं दार होतं. आणि दारात आक्का होती.”

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. आजोबांची आई लवकर गेली. त्यांना वाढवले ते आक्काने. १९४१ साल म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढल्याला ४५ वर्षे होऊन गेली होती, आणि तो आश्रम आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. तरी आमच्या घरात आक्का केशवपन केलेली, आलवण नेसलेली, सोवळ्यातली होती. इतिहास एका गल्लीत पोचतो आणि शेजारच्या गल्लीत पोचत नाही, तो असा. तिचा फोटो नाही, असे वडील नेहमी म्हणत. साऱ्या पेठेचे फोटो काढणाऱ्या माणसाने ज्या बहिणीने वाढवले तिचाच काढला नाही, याचे वडिलांना वाईट वाटे.

आत्या सांगू लागली. “बापूंनी तिला बोलावलं. ती म्हणाली, मंगल कार्यात माझी सावली कशाला रे पोरावर? मी दारातूनच बघते. बापू म्हणाले, बरं, दारातच थांब, पण हलू नकोस. मग त्यांनी कॅमेरा दोन पावलं मागे घेतला, काळ्या फडक्यात डोकं घालून पाहिलं, आणि दुकानातल्या पोराला फुगा दाबायला सांगून आमच्यात येऊन उभे राहिले. दोन पावलं मागे का घेतला, ते मला तेव्हा कळलं नाही.”

“मग ही पट्टी?”

“ओला फोटो बापूंनी तिलाच आधी दाखवला. ती रडली. म्हणाली, हा भिंतीवर लावू नकोस, मुलाला नाट लागेल. मला त्यातनं काढ.”

पुण्याला परत आलो तो रात्रभर जागाच होतो. आक्काला तिच्या काळाने दाराआड ठेवले. तिच्या सांगण्यावरून आजोबांनी पट्टीखाली झाकले. आणि आम्ही, जपणूक करतो आहोत अशा समजुतीत, तिच्या जागी भिंत बांधून मोकळे झालो होतो! वाड्याबरोबर ती काचही भंगारात गेली असती, तर ती भिंतच पुढे खरी ठरली असती.

पट्टी काढणे कठीण गेले नाही. थराची बाजू कशालाही टेकणार नाही अशी काच दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली आणि पिळलेला ओला कापूस कागदावर धरून बसलो. अर्ध्या तासाने डिंक सुटला. पट्टी थरावर चिकटवली असती तर ती निघताना चित्र घेऊनच निघाली असती. आजोबांनी ती काचेच्या बाजूने लावली ती छापण्याच्या सोयीसाठी, की कधी काळी कोणी काढावी म्हणून, हे मी सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की तो भाग चाकूच्या एका फटकाऱ्याने खरवडता आला असता, आणि तो त्यांनी खरवडला नाही.

काच उजेडावर धरली. प्रथम काहीच दिसले नाही. त्या काळच्या साध्या काचांना तांबडा रंग दिसत नसे. म्हणून तर त्या तांबड्या दिव्यात धुता येत. तांबडे आलवण काचेवर उमटत नाही. तिथे काच कोरीच राहते. आजीच्या कपाळावरचे कुंकूही निगेटिव्हमध्ये एक कोरा ठिपका असते आणि छापल्यावर काळे दिसते. दाराच्या चौकटीत तशी एक माणसाच्या उंचीची कोरी जागा होती, आणि तिच्यात दोन हात आणि एक चेहरा. संगणकावर काळ्याचे पांढरे केले तेव्हा आक्का समोर आली. त्रेचाळीस वर्षांची बाई. हातात पीठ लागलेले. ती बटूकडे पाहते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आहे.

मी पुन्हा सांगलीला गेलो. आत्याने ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले. मी विचारले, “आत्या, तिनं नको म्हटलं होतं. आपण हे ठेवावं का?”

“भिंतीवर नको म्हणाली होती,” आत्या म्हणाली. “पेटीत ठेवू नको असं नव्हती म्हणाली. बापूंनी तेच केलं. तूही तेच कर.” आणि मग तिने मला आक्काचे खरे नाव सांगितले. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तिला सगळे आक्काच म्हणत. ते नाव पाकिटावर आहे. येथे लिहीत नाही, आणि म्हणूनच या लेखाबरोबर तो फोटोही दिलेला नाही. भिंतीवरचा फोटो आहे तसाच, एका बाजूला कललेला, माझ्या नव्या घरात लावला आहे. आता तो खुपत नाही.

मी एक नवी वही आणली आहे. तिच्यात आजोबांचेच आकडे चालवतो. काच क्रमांक ४१७ पुढे बारा नावे आहेत. बाकीच्या काचांपुढे बहुतेक जागा कोरी आहे. पेठेतल्या जुन्या मंडळींकडे दर रविवारी चित्रे घेऊन जातो. आजवर अकरा चेहऱ्यांना नावे मिळाली. मागच्या महिन्यात ज्या आजोबांनी तीन ओळखले, ते या महिन्यात गेले.

यंदा आपल्या माळ्यावरून अशी एखादी पेटी खाली आली, तर वाचकहो, भंगारवाल्याला हाक मारू नका. आणि स्कॅनर आणायला धावण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी ती पेटी उघडून बसा. काच आणखी पन्नास वर्षे थांबेल.